दारूबंदीचा दाखला अर्धाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दारूबंदी फसली, मग गांजा-गोळ्यांवरची बंदी तरी कशाला?’ असा युक्तिवाद हल्ली वारंवार वाचायला मिळतो. दाखला खोटा नाही, पण अर्धाच दिला जातो.

बंदी आली की माल बदलतो, हे अगदी खरे. ताडी जड, लवकर आंबणारी. ती लपवून नेणे परवडत नाही. थोड्या जागेत जास्त नशा मावेल तोच माल चोरवाटेला लागतो. अमेरिकेत 1920 ते 1933 या बंदीच्या काळात बिअर मागे पडली नि कडक दारू वाढली ती याच कारणाने. त्याच्या पुढची पायरी मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरायचे विषारी अल्कोहोल. 2022 मध्ये गुजरातेत बोटाद भागात 40हून अधिक माणसे त्यानेच गेली. त्याला वास-चव दारूचीच. पहिले काही तास साधी नशा वाटते, माणूस घरी जाऊन झोपतो. बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुके येते, पोट दुखते. तोवर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल झालेले असते. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचला तर वाचतो, पण तिथवर जाईपर्यंत घरचे ‘उतरली नाही अजून’ म्हणत बसतात.

आता उरलेला अर्धा दाखला. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मिथेनॉलनेच मेली आणि तेव्हा मुंबईत दारू खुली होती. दुकानातली बाटली ज्याला परवडत नाही, त्याचा बाजार परवान्याने बंद होत नाही.

परवान्याचे तरी काय? आपल्याकडे महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. विदेशी दारूला एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीला दोन रुपयांना. दुकानात तो मागताना कोणी पाहिला आहे का? वयाची अट पंचवीस, बिअरला एकवीस, तीही पाटीवरच.

खानदेशाचा प्रश्न इथेच येऊन अडतो. मालेगाव-धुळे पट्ट्यात पोरे ज्या ‘कुत्ता गोळी’च्या नादी लागतात, ती अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता-निद्रानाशावरची गोळी. हे औषध बंदीतले नाहीच, ते आजही कायदेशीर आहे. एच-1 यादीतले असल्याने डॉक्टरची चिठ्ठी पाहून, रुग्ण-डॉक्टरचे नाव वहीत लिहूनच विकायचे. वही तीन वर्षे जपायची. वहीतली विक्री आणि घाऊक विक्रेत्याकडून आलेली बिले ताडून पाहिली की गळती कुठे आहे ते एका दुपारी कळते. त्यासाठी नवा कायदा नको, तपासणीला माणूस हवा.

गांजाचे वेगळे. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी-तुरीच्या ओळींत तो सापडतो, पोलीस उपटतात. उद्या लागवड खुली झाली, तर परवाना वनजमीन कसणाऱ्या पावरा आदिवासीला मिळेल की शहरातल्या कंपनीला? मोहाच्या बाबतीत काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे: मळीची देशी परवान्यात बसली, आदिवासीची मोहाची गुन्ह्यात.

मग करायचे काय? एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम 64-अ वापरा. स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीवर त्याने खटला टळतो, पण त्याच्याजवळचा माल ‘अल्प प्रमाणा’त असेल तरच. अल्प्राझोलामला ही मर्यादा 5 ग्रॅम आहे. मोजताना आतले औषध नाही, सगळी गोळी वजनात धरतात, त्यामुळे शंभर गोळ्यांतच माणूस सवलतीच्या बाहेर जातो. त्यात ही गोळी एकाएकी सुटली तर एक-दोन दिवसांतच थरथर सुरू होते, फिट येऊ शकते. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्याने कमी करत आणतात. पकडलेल्या पोराचे हेच दोन दिवस कोठडीत जातात. तिथे पहिल्याच रात्री त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, एवढे तरी जिल्हा प्रशासनाने पाहावे.

— एक वाचक, धुळे