बाबांच्या डोळ्याविषयी

लंडन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत की, विषाणूवरचे औषध चालू असूनही डोळ्याची लाली आणि धूसरपणा का जात नाही, आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी ज्या स्टेरॉइड थेंबांना सक्त मनाई केली होती तेच आता त्यांनी स्वतःहून का दिले. हे सावकाश सांगायला हवे, म्हणून लिहिते.

तुमच्या डोळ्यातला विषाणू हर्पिस सिम्प्लेक्स आहे. नागिणीचा विषाणू त्याच कुळातला, पण वेगळा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात, ते याचेच. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दबून राहतो. तिथे आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात, तरी तो कधीतरी मज्जातंतूवाटे कॉर्नियापर्यंत, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत, उतरतो.

गेल्या वर्षी तो कॉर्नियाच्या वरच्या थरात प्रत्यक्ष वाढत होता आणि तपासणीसाठी डोळ्यात रंग टाकल्यावर फांद्यांसारखी जखम दिसली होती. त्या वेळी स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दाबला असता, तर विषाणूला मोकळे रान मिळून जखम पसरली असती. या वेळी आजार आतल्या थरात आहे आणि तिथले बरेचसे नुकसान विषाणूपेक्षा आपलीच प्रतिकारशक्ती करते. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि कोलॅजनचे तंतू अतिशय शिस्तीत बसलेले असतात, म्हणूनच तो पारदर्शक राहतो. विषाणूचे अंश ओळखून टी पेशी तिथे जमतात, त्यांच्या हाकेने इतर पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि तंतूंची मांडणी विस्कटते. शेतात शिरलेले जनावर हाकलताना उभे पीक तुडवले जावे, तसे हे आहे. त्वचेवर अशी झुंज झाली तर वण राहतो आणि माणूस तो विसरतो. बुबुळावर मात्र फूल पडते आणि नजर जाते. म्हणून आता स्टेरॉइड हवे, पण विषाणूविरोधी औषधाच्या जोडीनेच.

१९९८ मध्ये अमेरिकेत याच आजाराच्या ७०३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ज्यांना वर्षभर ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यातल्या १९ टक्के लोकांचा डोळ्याचा आजार पुन्हा उद्भवला. ज्यांना नुसत्या औषधविरहित गोळ्या दिल्या, त्यांच्यात हेच प्रमाण ३२ टक्के होते. तेव्हा, डोळा बरा दिसत असताना या गोळ्या कशाला, असे मनात आले तरी त्या सोडू नका. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण त्यानुसार मात्रा बदलावी लागते.

थेंब एकाएकी बंद केले तर सूज दुप्पट जोराने परतू शकते. ते डॉक्टर सांगतील तसे, हळूहळू कमी करायचे. शिवाय स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी दाब मोजायला सांगा. या आजारात कॉर्नियाची संवेदना मंदावते, त्यामुळे दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे समजू नका. दिसणे कमी झाले किंवा उजेड सोसेनासा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कपाटातली थेंबांची जुनी बाटली आईला कृपया टाकून द्यायला सांगा.

पुढच्या तपासणीत तक्त्यावरची कितवी ओळ वाचता आली, ते कळवा. आईस नमस्कार.

आपली,
धाकटी