एका पतसंस्थेचे सगळे खटले एकाच न्यायालयात चालवा

प्रति,
मा. विधि व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका बुडालेल्या मल्टिस्टेट पतसंस्थेचा ठेवीदार आहे. संस्था एक, संचालक तेच, हिशेबही एकच. गुन्हे मात्र जिथे जिथे शाखा होती तिथे तिथे नोंदले गेले. आता प्रत्येक जिल्ह्यात वेगळा तपास अधिकारी, वेगळं दोषारोपपत्र आणि वेगळ्या तारखा.

आमच्या तारखेला पुकारा होतो आणि सरकारी वकील सांगतात, आरोपी हजर नाही. दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टाने त्याला प्रॉडक्शन वॉरंटवर, म्हणजे तुरुंगातल्या आरोपीला हजर करण्याच्या हुकुमावर, तिकडे नेलेलं असतं. तिकडून परत आणायला पोलीस पार्टी मिळत नाही. तो आला, तर मूळ रजिस्टर तिसऱ्याच कोर्टात मुद्देमाल म्हणून जमा असतं. गेल्या तारखेला माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. ठेव पावत्यांची शाई उडत चालली म्हणून त्यांनी त्या लॅमिनेट करून आणल्या होत्या. दुपारी पुढची तारीख घेऊन त्या एसटी स्टँडकडे निघाल्या.

महोदय, यावरचा उपाय कायद्यातच आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा आपला १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याच्या कलम ६ नुसार मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीने सरकार विशेष न्यायालय नेमू शकतं. ते एखाद्या भागासाठीच असायला हवं असं नाही, ठरावीक खटल्यांच्या गटासाठीही नेमता येतं. शिवाय फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४७ नुसार उच्च न्यायालय एका जिल्ह्यातला खटला दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करू शकतं. त्यासाठी अर्ज कुणी करायचा? पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने औरंगाबाद खंडपीठात वकील लावायचा का? हे काम सरकारचं आहे.

वेगवेगळ्या ठिकाणचे गुन्हे एकत्र करा, ही मागणी आजवर बहुतेक वेळा आरोपींनीच न्यायालयांपुढे केली. २०२० मध्ये एका वृत्तनिवेदकावरचे निरनिराळ्या राज्यांतले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने अजमेरला वर्ग केले. आरोपीची फरफट न्यायालयाला दिसली, ते योग्यच झालं. पण ज्याचा पैसा गेला त्याची फरफट तितकीच खरी आहे आणि ती मांडणारा कुणी नाही.

विखुरलेल्या खटल्यांत संपूर्ण चित्र कुणाच्याच टेबलावर नसतं, याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेचं प्रकरण आठवा. गुन्हे राज्यभर नोंदले गेले. २०१५ मध्ये संस्थेवर अवसायक, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला आणि पुढे २०२० मध्ये त्याच अवसायकावर ठेवीदारांच्या फसवणुकीचा गुन्हा पुण्यात नोंदवावा लागला. जप्त मालमत्ता, तिचा लिलाव आणि वाटप हे सगळं एकाच न्यायाधीशांसमोर असेल, तर कुठली जमीन किती किमतीला गेली हे निदान एका जागी विचारता येईल. ज्या जिल्ह्यात संस्थेची मालमत्ताच नाही, तिथल्या ठेवीदारालाही त्याच रकमेतून प्रमाणात वाटा मिळेल.

मात्र एक अट. खटला एका ठिकाणी नेताना सत्तरीच्या साक्षीदाराला चारशे किलोमीटर फिरवू नका. संहितेच्या कलम ५३० मुळे साक्ष दूरदृश्य प्रणालीने घेता येते, तेव्हा तालुक्याच्या कोर्टात तशी सोय करा. आणि खटले एकत्र केले म्हणून कुणाची तक्रार गळता कामा नये. पाच हजारांची ठेव असलेल्या भाजीवालीचं नावही यादीत राहिलं पाहिजे.

आपल्या विभागाने अशा प्रत्येक संस्थेसाठी उच्च न्यायालयाकडे प्रस्ताव पाठवावा. आमच्या संस्थेचा प्रस्ताव कधी जाणार, तेवढं लेखी कळवावं, ही विनंती.

आपला,
एक ठेवीदार