आरोग्यमंत्री साहेब, कॅन्सरचे उपचार संपल्यावर आम्ही कुठे जायचं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सन्माननीय साहेब, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात १९ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, आठ केमो, पंधरा रेडिएशन, सगळं मुंबईला झालं आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं. घरची तीन एकर कोरडवाहू कपाशी आहे. योजना नसती तर ती जमीन गेली असती, कदाचित मीही गेले असते. म्हणून आधी मनापासून आभार मानते. हे पत्र त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

शेवटचं रेडिएशन झालं, गावी आले, घरच्यांनी पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात मी कामावर हजर झाले. मदतनीस ताईंसोबत खिचडीचं पातेलं खाली उतरवताना हात थरथरायला लागले आणि मी तिथेच भिंतीला टेकून बसले. अर्धा तास उठता आलं नाही. लेकरं ताटल्या घेऊन बघत होती. घरी सासूबाईंनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, "आंगमा जीवच नही." याहून नेमकं मला आजही सांगता येत नाही. दिवसभर निंदणी करून येतो तो थकवा रात्री झोपलं की उतरतो. हा उतरत नव्हता. सकाळी उठायचं तेच थकलेलं. आंघोळ करून आलं की पुन्हा पडायचं.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, आराम करा. जवळच्या दवाखान्यातही तेच ऐकायला मिळालं, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या, आराम करा. मी चार महिने आराम केला साहेब. खाटेवरून ओट्यावर, ओट्यावरून खाटेवर. मांड्या बारीक झाल्या, पाच पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. आजार परत आला की काय, या भीतीने रात्री डोळा लागायचा नाही, आणि झोप नाही म्हणून सकाळी आणखी गळून जायचे.

शेवटी भाचीने मला धुळ्याला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्या दोन्ही दंडांना टेप लावली. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, ती आहे का ते बघायला. मी १९ वर्षं लेकरांच्या दंडाला पट्टी लावत आले. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, लगेच नोंद, लगेच पुढे पाठवणी. माझा स्वतःचा दंड कोणी मोजायची ही पहिलीच वेळ होती. मग त्यांनी घड्याळ लावून मला सहा मिनिटं चालायला लावलं आणि अंतर लिहून घेतलं, २४० मीटर. व्यायाम सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून रक्त, थायरॉइड आणि हृदयाची इको करून आणायला सांगितलं, कारण केमोतल्या लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. चार महिने मी ते अंगावर काढलं होतं आणि कोणी तपासलं नव्हतं.

त्या दिवशी जे कळलं ते आपल्या खात्याने प्रत्येक रुग्णाला सांगायला हवं असं मला वाटतं. हा थकवा आळस नाही आणि मनाचे खेळही नाहीत. उपचारांनी रक्त कमी होतं, भूक आणि झोप बिघडते, स्नायू झिजतात. त्यात पडून राहिलं की स्नायू आणखी झिजतात आणि तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून आधी रक्त, थायरॉइड, दुखणं, झोप, उदासपणा यातलं जे सुधारता येईल ते सुधारायचं आणि त्यासोबत मोजून मापून हालचाल वाढवायची. या थकव्यावर व्यायामाचा गुण येतो हे जगभरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. आठवड्यातून तीनदा अर्धा तास जरा वेगाने चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, इथपर्यंत हळूहळू पोचायचं असतं. मला ताईंनी पाच मिनिटांपासून सुरुवात करून दिली. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलायच्या. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने जन्मात वजन उचलू नको असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. जाणकाराच्या नजरेखाली थोडं थोडं वजन वाढवलं तर सूज वाढत नाही, उलट हात कामाचा होतो, हेही मला तिथेच समजलं.

एप्रिल होता. आपल्याला खान्देशचा उन्हाळा ठाऊक आहे, मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. मी पहाटे साडेपाचला निघायचे. केमोमुळे तळपाय बधिर झालेले, काटा रुतला तरी कळायचं नाही, म्हणून चपलेऐवजी बूट घेतले. आमच्याकडे रिकाम्या हाताने रस्त्याने चालणाऱ्या बाईला दहा जण विचारतात, कुठे निघाली? मी काखेत रजिस्टर धरायचे, लोकांना वाटायचं गृहभेटीला चालली. कोणी म्हणालं, चालायचंच आहे तर शेतात जा, कापूस वेचणं हाही व्यायामच आहे. नाही साहेब. तिथे आपण थकलो म्हणून थांबत नाही, ओळ संपली की थांबतो. उन्हात सहा तास वाकून राहिल्याने माझ्यासारखी बाई दोन दिवस उठत नाही, मी करून पाहिलं आहे.

रोज किती मिनिटं चालले आणि थकवा शून्य ते दहा यात किती, हे मी एका वहीत लिहीत गेले. आहारात कळण्याची भाकरी, डाळ, अंडी वाढवली. सहा महिन्यांनी ताईंनी पुन्हा चालायला लावलं तेव्हा अंतर ४१० मीटर भरलं. आज पातेलं मी उतरवते.

यासाठी मी धुळ्याला सात वेळा गेले. फी, भाडं, बुडालेला दिवस, सगळं मानधनातून. मला धुळ्याचा रस्ता आणि भाची तरी होती. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईने काय करायचं? नंदुरबारच्या त्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, कित्येक बायांचं रक्त मुळातच कमी असतं. तिला नुसतं "चाला" असा कागद हातात देणं धोक्याचं आहे. हाडात आजार पसरला असेल, हृदय अशक्त असेल, तर व्यायाम वेगळा द्यावा लागतो. हे ठरवायला शिकलेलं माणूस लागतं.

अंगणवाडीत लेकराचं वजन वाढलं नाही तर आम्ही त्याच्या आईला "बघू, होईल हळूहळू" असं सांगत नाही. दर महिन्याला वजन करतो, वाढीच्या आलेखावर ठिपका देतो, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरतो, रेषा घसरली की घरी जातो. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाचा असा आलेख कुठेच नाही. उपचार संपले की फाइल बंद होते.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर झालं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारला ती उभी राहतील तेव्हा केमोच्या खुर्च्यांशेजारी एक खोली याच कामासाठी ठेवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक ठरलेला वार फिजिओथेरपिस्टचा असू द्या, म्हणजे बाजाराच्या दिवशी लोक येऊ शकतील. डिस्चार्जच्या कागदावर थकव्याची एक ओळ असू द्या, पुढे कधी आणि कुठे दाखवायचं ते लिहिलेली. जनआरोग्य योजनेच्या उपचारात फिजिओथेरपीच्या काही भेटी धरा. सरकारी मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि ग्रामीण रुग्णालय आपल्याकडे, हे मला माहीत आहे. पण रुग्णाला दोन खाती नसतात, त्यामुळे हे दोन्हीकडच्या साहेबांनी एकत्र बसून ठरवावं लागेल. आशाताई आणि आम्ही सेविका गावात आहोतच. आम्हाला दोन दिवस शिकवलं तर कोणाला लगेच पुढे पाठवायचं एवढं आम्ही नक्की ओळखू.

हीच योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यात आमच्या खान्देशातला धुळे जिल्हा होता. हे कामही खान्देशातून सुरू करायला काय हरकत आहे?

आमच्याच गल्लीतल्या एका बाईचे उपचार मागच्या महिन्यात संपले. तीही खाटेवर पडून असते. मी एक दिवसाआड तिच्याकडे जाते आणि घड्याळ लावून तिला अंगणात पाच मिनिटं चालवते. परवापासून तिच्या डाव्या हाताला सूज दिसते आहे, बांगडी रुतते. मी टेप लावून मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं, पण पुढचं मला कळत नाही. साहेब, तिला मी कुठे पाठवू?

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
ता. अमळनेर, जि. जळगाव