गूळ उतरतो, आंबा चढतो

कळे, जि. कोल्हापूर
कार्तिकी एकादशी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला, राग धरू नकोस. गुऱ्हाळ पेटवायचे दिवस. चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, लिंपून घ्यायचं होतं, रस उकळायची काहील दुरुस्त करायची होती, गूळ करणारा गुळव्या आणि चूल जाळणारा जळव्या ठरवायचे होते. आणि खरं सांगायचं तर गाडीचं मनासारखं ठरत नव्हतं. 'कुठली घेणार ते कळव' असं एका ओळीत विचारलं होतंस, पण मला एका ओळीत सांगता येणार नाही. त्या करूळ घाटात माझ्या शेजारी तू बसला होतास, त्यामुळं हे सगळं तुलाच लिहायचं होतं.

आपला टेम्पो विकल्यापासून मी भाड्याच्या गाड्यांवरच दिवस काढतोय. शाहू मार्केट यार्डात सौद्याला गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, न्यायचे असले की अडत नाही. फुलेवाडीकडं निघालेली कुठलीही गाडी मिळते. पण गेली तीन वर्षं आपल्या एक किलोच्या ढेपा आणि काकवीच्या बाटल्या घाटाखाली कोकणात वैभववाडी, कणकवली, सावंतवाडीच्या दुकानांत चांगल्या चालायला लागल्यात. संक्रांतीच्या आठवड्यात तिथला दुकानदार रोज फोन करतो आणि नेमकी तेव्हाच भाड्याची गाडी दुसरीकडं गेलेली असते. मागच्या जानेवारीत एकानं सकाळी सहाला येतो म्हणून दुपारी दोनला नकार कळवला. भरलेला माल परत उतरवताना हमालांची तोंडं बघवत नव्हती. त्या दिवशीच ठरवलं, पुढच्या हंगामाला दारात स्वतःची गाडी उभी असली पाहिजे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि हप्त्याचं गणित माझ्या आवाक्यात बसलं. बघत बघत शेवटी दोनच गाड्या उरल्या. एक महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप, लांब हौद्याची एचडी १.७ एल. दुसरी टाटाची इंट्रा व्ही५०.

कागदावर दोघी जुळ्या बहिणी वाटतात. दोन्हींची ताकद ८० हॉर्सपॉवर, दोन्हींचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, २२० न्यूटन मीटर. पण बोलेरो ती ताकद २५२३ सीसीच्या इंजिनातून काढते आणि इंट्रा १४९६ सीसीच्या. हा फरक ध्यानात ठेव, पुढं त्यावर येणार आहे. बोलेरोचं पासिंग, म्हणजे कायद्यानं चालणारं मालाचं वजन, १७०० किलोचं, इंट्राचं १५००. हौदा बोलेरोचा ३०५० मिलिमीटर लांब, इंट्राचा २९६०. म्हणजे फरक नऊ सेंटिमीटरचा, वीतभरसुद्धा नाही. शोरूममधला पोरगा या लांबीवरच बराच वेळ बोलत होता. आपला रवा ३० किलोचा आणि बसायला भक्कम. हौदा अर्धाही भरत नाही तोवर वजन संपतं. लांबी लागते ती येताना, आंब्याच्या पेट्यांना, आणि तिथं नऊ सेंटिमीटरनं काही बिघडत नाही.

वजनाचं मात्र मी बसून नीट मांडलं. ३० किलोचे ५० रवे म्हणजे बरोबर १५०० किलो. इंट्राचं पासिंग तेवढंच, त्यामुळं पहिल्यांदा वाटलं, वा, आपल्यासाठीच बनवली. मग शिवाजी उद्यमनगरात बॉडीवाल्याकडं गेलो. गूळ उघड्या हौद्यात नेता येत नाही हे तुला सांगायला नको. दुपारच्या उन्हात तो घाम फोडतो आणि गगनबावड्याच्या दमट हवेत पाणी ओढून चिकट होतो. वर पक्कं छत, आत प्लायवूड, मागच्या फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या दाराला, रबराची पट्टी, एवढं तरी पाहिजेच. बॉडीवाल्यानं हे सगळं दीडशे किलोच्या आसपास जाईल म्हणून सांगितलं. ते दीडशे किलो मालातूनच वजा होतात. म्हणजे इंट्रात कायद्यानं ४५ रवे आणि बोलेरोत ५०, वर थोडी जागा शिल्लक. जास्त भरून नेणारे पुष्कळ आहेत. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड कायद्यात लिहिलाय. एका खेपेत तेवढं सुटत नाही. आणि दंडाचं बाजूला ठेवलं तरी, भरलेली गाडी घाटात न्यायची म्हटल्यावर मला ते करायचंच नाही.

इंट्राच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे आणि तिनं मला आठवडाभर झोपू दिलं नाही. तिचं मालासकट एकूण वजन २९४० किलो धरलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात ३००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. बोलेरो १.७ त्या रेषेच्या वर जाते. म्हणजे परमिट काढा, पाच वर्षांनी नूतनीकरण करा, आरटीओच्या खेपा घाला. हंगामात ज्याच्याकडं अर्धा दिवससुद्धा मोकळा नसतो त्याला ही खेप जड जाते. फिटनेसचं दोन्हींना सारखंच, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. पुतण्याच्या लायसन्सची मला उगाच काळजी होती. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. त्यामुळं तो दोन्हींपैकी कुठलीही चालवू शकतो.

गावात इंट्रा चालवायला फार बरी वाटली. यार्डातल्या एका ओळखीच्या अडत्याकडं व्ही५० आहे. त्यानं एक दिवस मला चालवायला दिली. गंगावेशीतून शुक्रवार पेठेत शिरलो, समोरून रिक्षा, मागून म्हशी, तरी स्टेअरिंग एका हातानं वळत होतं. लक्ष्मीपुरीत दोन ट्रकांच्या मधल्या जागेत एका दमात बसली. नाक आखूड असल्यानं पुढचा कोपरा कुठं आहे हे डोळ्यांना कळतं. डिझेलही कमी पिते म्हणतो तो, आणि गाडी अंगानं हलकी असल्यानं ते पटतं. तुझ्या धाकट्याचा पाण्याच्या जारचा धंदा शहरातल्या शहरातच आहे ना? त्याला दुसरं काही बघूच नको म्हण, ही घे.

बोलेरो मी आमच्याच गावच्या भाजीवाल्या मामांची बघितली. त्यांची गाडी रोज पहाटे भरून कोल्हापूरला जाते. मामा मला म्हणाले, 'बाळा, रिकाम्या गाडीत बसून कुठल्याच पिकअपची पारख करू नकोस. स्प्रिंगचे पाटे मालासाठी असतात, माणसासाठी न्हाईत.' मग भरलेल्या गाडीत बसलो. बालिंग्याच्या पुलावरून, सांगरूळ फाट्यावरून गाडी अशी बसून चालली, जणू रस्त्याला धरून आहे. त्यांच्या मागं लागून एक दिवस घाटातही गेलो.

आता खरं ते सांगतो.

गाडी घ्यायची म्हटलं की जो तो एकच विचारतो, चढाला कशी ओढते? मीही दोन महिने तेच विचारत फिरलो. एका रात्री आदण, म्हणजे एका वेळचा उकळलेला रस, उतरवून काहिलीतला पाक निवायला वाफ्यात ओतत होते, मी बाजूला वहीत खेपांचा हिशेब लिहीत होतो, आणि लिहिता लिहिता हात थांबला. आपला जड माल कुठं जातो? खाली. गूळ घाट उतरतो आणि आंबा घाट चढतो. जाताना दीड टन असतो, येताना पेट्या कितीही रचल्या तरी वजन निम्म्यावर येतं. मला चढाची काळजीच नाही. मला उताराची गाडी पाहिजे.

आणि हे मला दोन महिन्यांनी सुचावं, याचं मनाला लागलं. कारण करूळच्या त्या वळणावर आपण दोघंच होतो. वैशाख होता, टेम्पो कानापर्यंत भरलेला. मी वरून निघाल्यापासून तिसऱ्यात होतो आणि पाय ब्रेकवरून काढतच नव्हतो. आधी जळका वास आला. तू म्हणालास, कुणाचं तरी टायर जळतंय. मग पायाखालचा ब्रेक मऊ झाला, पुढच्या वेळी आणखी मऊ, आणि तिसऱ्यांदा तो पायाखालून जमिनीपर्यंत गेला. पहिल्यात ओढताना गिअर कसा किंचाळला होता ते अजून कानात आहे. डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाक घातलं, गाडी घासत घासत हळू झाली आणि तू दार उघडून उडी मारलीस. चालत्या गाडीच्या मागच्या चाकाखाली दगड सारलास. तुझं कोपर सोलून रक्त येत होतं आणि तू मला विचारत होतास, तुला लागलं का? ब्रेकच्या ड्रमातून धूर येत होता. तास-दीड तास आपण कठड्यावर बसलो होतो, एकमेकांशी एक शब्द न बोलता. चूक माझी होती. तू ती एकदाही बोलून दाखवली नाहीस.

नंतर एका एसटीच्या ड्रायव्हरानं मला शिकवलं, ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, आणि ब्रेक दाबायचा तो दाबून सोडायचा, धरून ठेवायचा नाही. ब्रेक धरून ठेवला की चाकाला घासून थांबवणारा लायनर तापतो आणि तापलेला लायनर धरत नाही. गाडीला आवरायचं काम मुळात इंजिनानं करायचं असतं. पायातलं डिझेल सोडलं की इंजिन स्वतःच चाकांना मागं ओढतं, आणि इंजिन जितकं मोठं तितकी त्याची ओढ जास्त. तर आता ते २५२३ आणि १४९६ आठव. पुढं ढकलायला दोघींची ताकद सारखीच आहे, पण मागं धरून ठेवायला मोठ्या इंजिनाचा हात जड पडतो.

अडत्याच्या गाडीतूनही माल घालून गगनबावड्यावरून उतरलो. गाडीनं काही कमी केलं नाही, ब्रेक शेवटपर्यंत खणखणीत होते. फक्त वळणावळणाला गिअर आणखी खाली आणावा लागत होता आणि माझं सगळं लक्ष त्यात जात होतं. मामांच्या बोलेरोत दुसऱ्या गिअरात टाकलं आणि मोठी वळणं सोडली तर ब्रेकवर पाय फारसा गेला नाही. इंजिनाचा घुमणारा एक आवाज, खाली वैभववाडीची कौलं दिसायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की माझे खांदे सैल आहेत. इतक्या वर्षांत त्या घाटात माझे खांदे कधी सैल नव्हते.

पुतण्या हंगामात पहाटे चारला एकटा निघेल. धुकं असेल, पुढचं दिसत नसेल, आणि एकवीस वर्षांच्या पोराचा पाय ब्रेकवर जातोच. परमिटसाठी मी दहा वेळा आरटीओत उभा राहीन.

म्हणून बोलेरो ठरवली. पांढरी. बुकिंगचे पैसे भरले, बँकेचे कागदही झाले, पाच वर्षांचे हप्ते. घरच्यांनी सोन्याची एक बांगडी पुढं केली होती, ती मी घेतली नाही. यंदा ऊस बरा आहे, जमेल. आईनं विचारलं, रंग पांढराच का, लाल घ्यायची. तिला सांगितलं, पांढरी उन्हात कमी तापते, गुळाला बरी. तिला पटलं.

गाडी ताब्यात आली की उद्यमनगरात आठवडाभर बॉडीचं काम चालेल. छत बुटकं ठेवायला सांगितलंय. उंच केलं की पेट्या जास्त बसतात, पण घाटात वारं धरतं. पहिली खेप डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी निघेल. ५० रवे नाही भरणार, पहिल्या खेपेला ३०च. तुला सुट्टी मिळेल का? शुक्रवारी रात्री इथं मुक्कामाला ये, गुऱ्हाळावर ताजा गूळ खा, पहाटे निघू. रविवारी संध्याकाळपर्यंत तुला कोल्हापूरच्या स्टँडवर सोडतो. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि चार किलोची ढेप बाजूला ठेवलीय म्हणून कळव.

सुताराकडून बाभळीच्या दोन पाचरी करून घेतल्यात, चाकाखाली घालायला. सीटच्या मागं ठेवणार आहे. एक मी उचलून बघितली, हाताला बरोबर बसते. दुसरी तुझ्या हाताला बसते का, ते तू आलास की बघू.

तुझाच,
दोस्त