मेरीचं दुसरं लग्न आणि आपला कुलवृत्तांत

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

बाबा, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीची प्रुफं मिळाली. ती वाचत होते त्याच सुमारास इकडे सासूबाईंच्या माहेरचं एक जुनं कोडं सुटलं. दोन्हींचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे असं मला वाटतं. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

सासूबाईंचं माहेर इंग्लंडमधल्या नॉरफोकचं, शेतमजुरांचं. त्यांच्या वंशावळीत अठराव्या शतकाच्या शेवटी एक मेरी आहे. तिचा नवरा ठाऊक, मुलं ठाऊक, लग्नाची नोंदही हाती होती. पण तिचे आईवडील कोण, याचा काही केल्या पत्ता लागत नव्हता. लग्नाच्या नोंदीत जे आडनाव, त्या आडनावाच्या मेरीचा बाप्तिस्मा आसपासच्या एकाही गावात सापडेना. सासूबाईंच्या वडिलांनी खूप वर्षं शोध घेतला आणि शेवटी नाद सोडला.

बाबा, तुम्हाला इथल्या नोंदींची पद्धत आवडेल. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहून ठेवायची. पुढे या वह्यांची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायची असाही नियम झाला. त्यामुळे मूळ वही ओलीने गेली तरी पुष्कळदा नक्कल मिळते. लग्नाची नोंद मात्र दीर्घकाळ दोन नावं आणि तारीख एवढीच असायची. २५ मार्च १७५४ पासून नवा कायदा लागू झाला आणि छापील नमुना आला. वधूवरांच्या सह्या, शिवाय दोन साक्षीदारांच्या.

आजवर घरात सगळ्यांनी पाहिली होती ती टंकलिखित सूची. नाव, आडनाव, तारीख. यावेळी आम्ही मूळ पानाचं छायाचित्र पाहिलं. मेरीच्या नावापुढे ‘याच गावची’ असं छापलेलं, आणि त्याला लागून पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिलंय : विधवा.

सूची करणाऱ्याने तेवढंच गाळलं होतं! म्हणजे ते आडनाव तिच्या माहेरचं नव्हतंच, वारलेल्या पहिल्या नवऱ्याचं होतं. मग त्या आडनावाच्या पुरुषाचं दफन शोधलं, ते दुसऱ्या लग्नाच्या दीड वर्ष आधीचं निघालं. त्यावरून मागे जात शेजारच्या गावातलं पहिलं लग्न सापडलं, आणि तिचं माहेरचं आडनावही. पण ती हीच मेरी कशावरून? मेरी तर तेव्हा घरोघरी. तिला सही येत नव्हती, दोन्ही पानांवर नुसती फुली. पुरावा दिला साक्षीदाराने. दोन्ही लग्नांत एकाच माणसाची सही आहे, माहेरच्याच आडनावाची, पहिलं अक्षर उगाच मोठं आणि शेवटची अक्षरं खाली घसरलेली. तो तिचा भाऊ. दोघांचे बाप्तिस्मे एकाच वहीत, एकाच आईबापांच्या नावावर. बहिणीच्या दुसऱ्या लग्नालाही तो उभा राहिला, हे वाचताना मला भरून आलं.

पदरात दोन लहान मुलं असलेल्या मजुराच्या विधवेला तेव्हा एक तर गावाच्या गरीबनिधीवर जगावं लागे, नाहीतर पुन्हा लग्न करावं लागे. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सगळ्या गावासमोर नावं पुकारली जात. लपूनछपून काही नाही.

आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. आणि तरीही १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत.

म्हणूनच विचारते. प्रुफात तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे पहिल्या सासरचं गाव आहे, ‘बालविधवा’ असं आहे, आणि पुढे कोरं. आई, तूच मला सांगितलं होतंस की ती कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात शिकली, शाळेत मास्तरीण झाली आणि नंतर तिने लग्न केलं. तुला हे आजीने सांगितलं होतं, तेही दार लोटून. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. जुन्या आवृत्तीतून तिला गाळलं असेल. तेव्हा लोक काय म्हणतील याची भीती होती, ते मी समजू शकते. आता बाबा संपादक आहेत. तिच्या त्या कोऱ्या जागेमुळे उद्या तिच्या नातवंडांपैकी कुणी शोधत आलं, तर त्याला आपल्या घराण्यात ती वारलेलीच वाटेल.

बाबा, छपाईला पाठवायच्या आधी थोडं थांबाल? मोठ्या आत्याला तिच्या दुसऱ्या सासरचं आडनाव नक्की आठवत असेल. तिची तब्येत बरी आहे तोवर विचारून घ्या; आईने विचारलं तर ती जास्त मोकळेपणाने बोलेल. लग्नाचं साल, गाव, मुलांची नावं, जे मिळेल ते. हिंगण्याला जुनी नोंद पाहायला मिळते का, याची चौकशी मी आल्यावर करते. प्रूफ तपासून सोबत पाठवतेय, ते पान तेवढं राखून ठेवलंय.

आईच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवा.

तुमची,
ताई