सिग्नेटींचा पहिला हंगाम

महोदय,

मुलीच्या शिक्षणामुळे अमेरिकेत ब्लूमिंग्टनला येऊन राहिलो आणि इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉलचे (हातात चेंडू घेऊन पळण्याच्या) वेड लागले. २०२३ मध्ये १२ पैकी ९ सामने हरलेला हा संघ! पूर्वी मध्यंतरातच लोक उठून जायचे म्हणे. मग कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक झाले. येताना त्यांनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले १३ खेळाडू आणि मदतनीसही आणले. ‘मी जिंकतो, गूगल करा,’ असे ते आल्या आल्या म्हणाले होते. मला तेव्हा ती बढाई वाटली. ते माझे चुकलेच.

२०२४ मध्ये सलग १० विजय, एकूण ११. विद्यापीठाच्या इतिहासात तोवर इतके कधीच नव्हते. जुन्या प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठाला ६६-० हरवले त्या रात्री स्टेडियममध्ये थंडीने माझी बोटे वळत नव्हती. सामना संपताच पोरे या लढतीतल्या विजेत्याला मिळणारी मानाची जुनी लाकडी बादली उचलायला धावली. शेजारचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ डोळे पुसत होते.

पुढे नोत्र दाम विद्यापीठाकडून १७-२७ हरलो. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) कर्टिस रुर्क गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना हंगामभर खेळला, हे नंतर कळले. आपल्या क्रीडापानांवर या मुलांविषयी चार ओळी तरी याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ब्लूमिंग्टन