अनुदानास अपात्र सौर पॅनेल बसवल्याबद्दल आणि नसलेल्या आयकर सवलतीचे आश्वासन दिल्याबद्दल तक्रार

दिनांक: १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
नाशिक शाखा

विषय: घरगुती सौर संचाचे ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आपल्या चुकीमुळे अडकल्याबाबत, कोटेशनमधील ३० टक्के आयकर सवलतीबाबत आणि जादा आकारलेल्या जीएसटीबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

इंदिरानगर येथील आमच्या घराच्या गच्चीवर आपल्या कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.२४ किलोवॅटचा सौर संच बसवला. संच व्यवस्थित चालतो, डिसेंबर महिन्यात इन्व्हर्टरच्या अॅपवर साडेतीनशेच्या आसपास युनिट दिसले आणि वीजबिल खरोखरच उतरले. हे आधी सांगते, कारण माझी तक्रार यंत्राबद्दल आहे असा समज होऊन हे पत्र आपल्या दुरुस्ती विभागाकडे जाऊ नये. दोन महिन्यांत माझे तीन फोन तिकडेच वळवले गेले आणि तिन्ही वेळा "संच चालू आहे ना, मग अडचण काय?" असेच विचारले गेले.

अडचण आपल्याच कोटेशनमध्ये आहे. १२ ऑगस्ट २०२५ च्या त्या कोटेशनमध्ये संचाची किंमत १,८०,००० रुपये अधिक जीएसटी अशी दाखवून तिच्यातून केंद्र सरकारच्या अनुदानाचे ७८,००० रुपये आणि त्याखाली "आयकर सवलत ३० टक्के" म्हणून ५४,००० रुपये वजा केले आहेत, आणि शेवटी जाड अक्षरांत "आपला प्रत्यक्ष खर्च फक्त ४८,००० रुपये" असे छापले आहे. जीएसटी त्या आकड्यात धरलेलाच नव्हता. हा आकडा पाहूनच आम्ही दोघांनी निर्णय घेतला. त्यासाठी दोन लाखांची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली आणि अनुदानाची रक्कम आली की ती पुन्हा बँकेत ठेवायची असे ठरवले. आज पाच महिने झाले, माझ्या खिशातून २,०४,८४० रुपये गेलेले आहेत आणि परत एक रुपयाही आलेला नाही.

आधी अनुदानाबद्दल लिहिते, कारण ती रक्कम खरी आहे आणि आजही मिळू शकते. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटच्या घरगुती संचाला एकूण ७८,००० रुपये मिळतात. ग्राहकाने आधी पूर्ण रक्कम भरायची, नोंदणीकृत विक्रेत्याने संच बसवायचा, महावितरणने नेट मीटर बसवून संच सुरू झाल्याचे प्रमाणित करायचे आणि मग अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा व्हायचे, अशी पद्धत आहे. या सगळ्यात माझ्याकडून जे व्हायचे होते ते सर्व वेळेत झाले आहे. नेट मीटर ४ नोव्हेंबर रोजी बसला आणि त्याच आठवड्यात मी रद्द केलेला धनादेश व खात्याचा तपशील पोर्टलवर भरला.

नोव्हेंबरच्या अखेरीस माझा अनुदानाचा अर्ज परत आला. पॅनेलचे क्रमांक डीसीआर घोषणापत्रातील क्रमांकांशी जुळत नाहीत, असे कारण त्यावर होते. तोपर्यंत डीसीआर हा शब्द मी आपल्या विक्री प्रतिनिधीच्या तोंडून फक्त एकदा ऐकला होता, तोही "आपले सगळे पॅनेल डीसीआरचेच असतात, काळजी करू नका" या वाक्यात. आता मला त्याचा अर्थ नीट कळला आहे. या योजनेचे अनुदान फक्त अशाच संचांना मिळते ज्यांतील पॅनेलही भारतात बनलेले आहे आणि त्या पॅनेलमधील सेलही भारतात बनलेले आहेत. परदेशातून सेल आणून इथे फक्त जोडणी केलेले पॅनेल वीज तेवढीच देते, पण अनुदानासाठी ते चालत नाही. बाजारात असे पॅनेल डीसीआर पॅनेलपेक्षा बरेच स्वस्त मिळते, ही गोष्ट माझ्यापेक्षा आपल्याला अधिक चांगली ठाऊक असणार.

अर्ज परत आल्यावर आपल्या कार्यालयाने "पोर्टलवर काहीतरी तांत्रिक गडबड असेल" असे सांगितले. म्हणून एका रविवारी सकाळी माझा पुतण्या आणि मी गच्चीवर गेलो. क्रमांकाचे स्टिकर पॅनेलच्या मागच्या बाजूला असते आणि पुढच्या ओळीची उंची जेमतेम गुडघ्याएवढी आहे, त्यामुळे बारदान अंथरून तो पाठीवर सरपटत आत गेला आणि मोबाइलच्या टॉर्चने एकेक क्रमांक मोठ्याने वाचत गेला. मी बाहेर बसून तो वहीत लिहून घेत होते आणि शेजारी आपले घोषणापत्र ठेवून पडताळत होते. पहिले दोन क्रमांक अक्षर न् अक्षर जुळले. तिसऱ्याची सुरुवातच वेगळ्या अक्षरांनी झाली, तेव्हा मी त्याला तो पुन्हा वाचायला सांगितला आणि नंतर फोटो काढायला लावला. चौथा, पाचवा आणि सहावा त्याच वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात. म्हणजे सहापैकी चार पॅनेल घोषणापत्रातले नाहीतच. सहाही स्टिकरचे फोटो, घोषणापत्राची प्रत, कोटेशन आणि बीजक या पत्रासोबत जोडले आहे.

हे कसे झाले असावे, याचा अंदाजही मला आता येतो. ६ ऑक्टोबरला आपली माणसे आली तेव्हा टेम्पोतून उतरवताना काही पॅनेलच्या काचा तडकलेल्या निघाल्या आणि ते परत नेले गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या गाडीतून चार पॅनेल आले. हे वेगळे आहेत का, असे मी तेव्हाच विचारले होते. "मावशी, तोच माल आहे, फक्त खोका बदललाय," असे मला सांगण्यात आले. बसवणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही, त्यांना गोदामातून जे मिळाले ते त्यांनी उन्हात उभे राहून चांगल्या रीतीने बसवले. पण गोदामातून काय बाहेर पडले याची नोंद आपल्याकडे असते, आणि तरीही घोषणापत्रावर पहिल्याच सहा पॅनेलचे क्रमांक लिहून आपल्या अधिकृत व्यक्तीने सही केली. सरकारी योजनेच्या कागदावर गच्चीवर नसलेल्या मालाचे क्रमांक लिहिणे ही किरकोळ चूक नव्हे. लेखा विभागात एकतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला तरी ती तशी वाटत नाही. तिथे साठा नोंदवहीत एक आणि कपाटात दुसरे निघाले, तर सही करणाऱ्याकडून लेखी खुलासा मागितला जाई.

१८ डिसेंबरच्या ईमेलमध्ये आपण लिहिले आहे की सर्व पॅनेल "भारतीय बनावटीचेच" आहेत आणि अनुदान हा सरकार व ग्राहक यांच्यातील विषय असल्याने कंपनी त्याला जबाबदार नाही. पहिल्या म्हणण्याचे उत्तर वर आलेच आहे, पॅनेलची जोडणी भारतात झाली एवढ्याने भागत नाही. दुसरे म्हणणे अर्धेच खरे आहे. सरकार पैसे कधी देणार, निधी किती आहे, पोर्टल किती दिवस घेणार, यावर आपला ताबा नाही आणि त्यासाठी मी आपल्याला कधीच विचारले नसते. पण संच अनुदानास पात्र ठरेल असा माल पुरवणे आणि त्याचा खरा कागद देणे हे पूर्णपणे आपलेच काम होते, आणि अर्ज नेमका त्याच कामावर अडला आहे. कोटेशनमध्ये ७८,००० रुपये स्वतःहून वजा करून दाखवायचे आणि ते अडले की त्यांच्याशी आमचा संबंध नाही म्हणायचे, या दोन गोष्टी एकाच कंपनीच्या तोंडी शोभत नाहीत.

आता त्या ३० टक्के आयकर सवलतीबद्दल. विवरणपत्र भरणाऱ्या आमच्या सल्लागारांना मी कोटेशन दाखवले, तेव्हा त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितले की राहत्या घरावर सौर संच बसवणाऱ्या व्यक्तीला आयकरात अशी कोणतीही वजावट आपल्याकडे नाही. व्यवसायासाठी संच बसवणाऱ्याला त्यावर ४० टक्के दराने घसारा दाखवता येतो, पण तो व्यवसायाच्या हिशेबातला भाग आहे, निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या घरमालकाला त्याचा उपयोग नाही. मग हे ३० टक्के आले कुठून? माझी भाची अमेरिकेत राहते आणि तिच्या घरावरही सौर पॅनेल आहेत. तिने आपले पत्रक वाचून लगेच ओळखले. घरगुती सौर संचाच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम देय करातून वजा करण्याची सवलत अमेरिकेच्या केंद्रीय आयकर कायद्यात होती, आणि ४ जुलै २०२५ रोजी तिथे झालेल्या नव्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी बंदही झाली आहे. आपल्या पत्रकातील त्या परिच्छेदाची वाक्येही तिथल्याच माहितीवरून उचललेली दिसतात, कारण "आपल्या प्राथमिक किंवा दुय्यम निवासस्थानासाठी लागू" असे इथे कोणी लिहीत नाही. परक्या देशाची करसवलत नाशिकमधल्या ग्राहकाच्या कोटेशनमध्ये रुपयांत मांडून किंमत कमी दाखवणे, याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. आपल्या कार्यालयात कोणीतरी ही ओळ छापण्यापूर्वी एका सनदी लेखापालाला फोन केला असता, तरी ती गळली असती.

जीएसटीचा मुद्दा थोडक्यात मांडते. छतावरील सौर संचाच्या एकत्रित करारात ७० टक्के रक्कम मालाची आणि ३० टक्के सेवेची धरतात. सेवेवर १८ टक्के कर आहे आणि मालावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे एकूण कराचा भार पूर्वी १३.८ टक्के होता, तो ८.९ टक्क्यांवर आला. आपण माल ऑक्टोबरमध्ये दिला, बीजकही ९ ऑक्टोबरचे आहे, तरी त्यावर जुन्याच दराने २४,८४० रुपये लावले आहेत. नव्या दराने ते १६,०२० रुपये होतात. माझ्याकडून ८,८२० रुपये जास्त घेतले गेले आहेत. आगाऊ रक्कम ऑगस्टमध्ये भरली होती म्हणून जुना दर लागला, असे आपल्या लेखापालांनी फोनवर सांगितले. माल आणि बीजक दोन्ही दरबदलानंतरचे असल्यामुळे ते कारण टिकत नाही, हे त्यांनी कृपया पुन्हा तपासावे.

माझी मागणी अशी आहे. घोषणापत्राशी न जुळणारे चारही पॅनेल आपण आपल्या खर्चाने काढून त्यांच्या जागी डीसीआर पॅनेल बसवावेत, प्रत्यक्ष गच्चीवर असलेल्या सहा पॅनेलच्या क्रमांकांचे नवे घोषणापत्र सही-शिक्क्यासह द्यावे, आणि महावितरणकडे व पोर्टलवर करावी लागणारी दुरुस्ती आपणच करून माझा अर्ज पुन्हा मार्गी लावावा. हे काम हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत व्हावे. ते आपल्याला शक्य नसेल किंवा आपल्या घोषणापत्रामुळे अर्ज कायमचा नाकारला गेला, तर ७८,००० रुपये आपण मला द्यावेत. जादा घेतलेल्या जीएसटीचे ८,८२० रुपये सुधारित बीजकासह परत करावेत. आयकर सवलतीच्या ५४,००० रुपयांपोटी मी आज रक्कम मागत नाही, मात्र तो हक्क सोडलेलाही नाही. त्याऐवजी आधी एक गोष्ट व्हावी असे मला मनापासून वाटते. ते पत्रक ताबडतोब मागे घ्यावे आणि ज्या ज्या ग्राहकाला असे कोटेशन दिले आहे त्याला ही सवलत अस्तित्वात नसल्याचे लेखी कळवावे. आमच्याच गल्लीत आणखी दोन घरांत आपले कोटेशन आलेले आहे, त्यांपैकी एका घरी तर सोने तारण ठेवून कर्ज घेण्याची बोलणी चालू आहेत. त्यांनाही ४८,००० हाच आकडा सांगितला गेला आहे. त्यांना खरा हिशेब मी सांगितलाच आहे, पण तो आपल्याकडून जायला हवा.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मी नाशिक येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि माझ्याकडे कागद पूर्ण आहेत. तशी वेळ येऊ नये असेच मला वाटते, कारण सौर ऊर्जा घरोघरी जावी या मताची मी आहे आणि आमच्या गच्चीवरचा संच पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आजही तो आवडीने दाखवते.

पॅनेल बदलायला माणसे पाठवण्यापूर्वी एक दिवस आधी फोन करावा. नवे पॅनेल वर चढवण्याआधी प्रत्येकाचा क्रमांक खाली अंगणात मी स्वतः वाचून वहीत लिहून घेईन, आणि घोषणापत्राशी जुळल्याशिवाय एकही पॅनेल गच्चीवर जाणार नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
आपली ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक